स्टिअरिंगला बोलू द्या!

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीतल्या चुका पोटात घाला. पण विषय हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा आहे. आमच्या विंगमध्ये लॉजिटेक जी २९ व्हील आहे. आतल्या दोन मोटर गेममधल्या टायरचा जोर हातापर्यंत पोचवतात, त्याला म्हणतात फोर्स फीडबॅक. जो येतो तो आधी हा जोर १०० टक्के करतो. कमी ठेवला तर म्हणे 'लेडीज सेटिंग'! मीही हसायचो.

मागच्या पावसाळ्यात गोंदिया जिल्ह्यात मामाकडे गेलो होतो. तिरोड्याहून बोदलकसा तलावाकडे जाताना मामांची जुनी जीप मी घेतली. पॉवर स्टिअरिंग नाही, आणि माझ्या डोक्यात गेममधले लॅप टाइम. एका वळणावर चिखल होता. स्टिअरिंग एकदम हलकं झालं. मला वाटलं, वा, गाडी मस्त वळतेय! मी आणखी वळवलं, आणि जीप सरळ धानाच्या बांधीकडे निघाली. "अ‍ॅक्सिलेटर सोड!" मामा ओरडले. सोडला, स्टिअरिंग थोडं सरळ केलं, तेव्हा कुठे चाकांनी रस्ता पकडला. मामा एवढंच म्हणाले, "स्टेरिंग सांगून रायला होता ना बे, तू आयकलाच नाही."

परत आल्यावर कारण वाचलं. वळणावर टायरवरचा आडवा जोर चाकाच्या मध्याच्या किंचित मागे लागतो, म्हणून स्टिअरिंग सरळ व्हायला बघतं. टायर घसरण्याच्या जरा आधी हा टॉर्क उतरू लागतो. म्हणजे हलकेपणा हीच धोक्याची सूचना! जी २९ व्हील जेमतेम २ न्यूटन-मीटरच्या आसपास देते. गेमने त्याहून जास्त मागितलं की वरचे चढउतार छाटले जातात. हेच क्लिपिंग. गणपतीतला भोंगा फुल केला की आवाज फाटतो आणि शब्द कळत नाहीत, तसंच.

म्हणून माझं म्हणणं, स्प्रिंग आणि डॅम्पर बंद करा. जोर ७० वर आणा. लांब, वेगवान वळण घेऊन गेममधलं फोर्स मीटर बघा. ते वळणभर लाल राहत असेल तर आणखी उतरवा. कडेच्या कर्बवर क्षणभर लाल झालं तर चालेल.

आपल्यातले बरेच जण आधी गेमवर शिकतात, मग सुटीत घरची गाडी काढतात. इथे ही सूचना हाताला कधी मिळालीच नाही, तर रस्त्यावर ओळखणार कशी? दंड कमवायला जिम आहे. व्हील ऐकायसाठी आहे.