एक पेर दालपुरी

परदेशी फिरून आलं की आपल्याकडे दोन प्रश्न हमखास येतात. "काय काय पाहिलंत?" आणि लगेच, आवाजात जरा काळजी आणून, "खाण्याचे हाल झाले असतील ना?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला फोटो आहेत. दुसरा प्रश्न ऐकला की मात्र माझं डोकं फिरतं. तोंडी उत्तर द्यायला गेलं की भांडण होतं, म्हणून लिहून टाकते.

मॉरिशसला आम्ही आठ दिवस होतो. त्यातला एक रविवार 'काहीही करायचं नाही' म्हणून राखून ठेवलेला. ना बोट, ना धबधबा, ना सात रंगांची माती. हॉटेलात बहुतेकांच्या मनगटाला ती रंगीत पट्टी होती, म्हणजे तिन्ही वेळचं खाणं-पिणं पैशात आलेलं. या पट्टीबद्दल माझं एक मत आहे. पट्टी बांधली की माणूस आळशी होत नाही, उलट फार कामाला लागतो. सकाळी साडेसातला बुफेच्या रांगेत, दुपारी परत रांगेत, चार वाजता केक संपायच्या आत धावपळ. याला सुट्टी नाही म्हणत, वसुली म्हणतात! शिवाय खाणं कुठलं, तर कुठलंच नाही. तोच पास्ता, तेच कापलेलं कलिंगड, आणि कोपऱ्यात 'इंडियन' पाटी लावलेलं ते केशरी पनीर.

आम्ही फक्त खोलीचे पैसे भरले होते, त्यामुळे वसूल करायचं काही नव्हतं. नऊ-साडेनऊला चपला घालून फ्लिक-आँ-फ्लाकच्या रस्त्याला लागलो.

पहिला थांबा गातो पिमाँचा. शब्दशः अर्थ 'मिरचीचा केक', पण नावावर जाऊ नका. डाळ भिजवून भरड वाटायची, त्यात कांद्याची पात, कोथिंबीर, हिरवी मिरची, आणि छोटे गोळे करून तळायचे. म्हणजे आपला डाळवडा, सुपारीपेक्षा थोडा मोठा. तिथली माणसं तो सकाळी पावात घालून खातात. फ्रेंच पाव, आत लोणी, त्यात गरम वडे दाबून भरलेले. पहिला घास घेतला आणि नवरा म्हणाला, "वडापाव." मी म्हटलं, जरा थांब. आपल्याकडे पाव आला पोर्तुगिजांमुळे, त्यांच्याकडे आला फ्रेंचांमुळे. कुणी कुणाचं पाहून केलेलं नाही. पाव स्वस्त, वडा स्वस्त, आणि कामावर जायची घाई. एवढं जमलं की असा पदार्थ कुठेही तयार होत असावा. पण त्यात लोणी घालायचं आपल्याला सुचलं नाही, हे कबूल करायला हवं.

मग दालपुरी. ही त्या बेटाची खरी मालकीण. मोटारसायकलला काचेची पेटी लावलेला माणूस, पेटीत पातळ पिवळट पुऱ्यांची चळत. पुरी म्हणतात, पण तळलेली नसते, तव्यावर भाजलेली असते. डाळ हळद घालून शिजवायची, निथळून कोरडी दळायची, आणि पुरण भरावं तशी मैद्याच्या पारीत भरून कागदासारखी पातळ लाटायची. त्याच डाळीच्या पाण्यात पीठ मळतात, म्हणून कडसुद्धा पिवळी. एक मागता येत नाही. 'एन पेर' म्हणायचं, म्हणजे एक जोडी. तो दोन पुऱ्या एकावर एक ठेवतो, त्यावर डबल बीसारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचं रुगाय, कोथिंबिरीची चटणी, आणि मान न वर करता विचारतो, "पिमाँ?" मिरची हवी का? गुंडाळी करून कागदात देतो. दोघांचं पोट हॉटेलातल्या एका कॉफीच्या पैशात भरलं.

इथेच तो आवाज आला. आमच्या शेजारी एक मराठी कुटुंब उभं होतं, कुठल्याशा मोठ्या ग्रुपबरोबर आलेलं. (त्या ग्रुपबरोबर स्वयंपाकाला महाराजही आलेले होते. समुद्र ओलांडून पाच हजार किलोमीटर यायचं आणि रात्री वरण-भात-बटाट्याची भाजी! वयस्कर माणसांचं, पथ्याचं समजू शकते. पण धडधाकट तिशीतल्या लोकांनी?) तर त्यातले काका एक घास खाऊन म्हणाले, "ह्यात काय विशेष? आपलीच पुरणपोळी, गूळ घालायला विसरले."

वाक्य गमतीचं होतं, मीही हसले. पण दिवसभर ते डोक्यातून जाईना.

कारण 'आपलीच' म्हणण्याइतकं ते सोपं नाही. मॉरिशसमध्ये मूळचे रहिवासी असे कुणी नव्हतेच. डचांनी 1638 साली वस्ती केली, पुढच्याच वर्षी जावाहून ऊस आणून लावला, आणि 1710 मध्ये कंटाळून निघून गेले. त्यांच्यामागून फ्रेंच आले, त्यांनी आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम आणले. 1810 मध्ये इंग्रज आले. 1835 साली गुलामगिरी बंद झाली, पण ऊस थोडाच बंद होणार? त्याच सुमारास, 1834 पासून, करारावर मजूर आणायला सुरुवात झाली. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट 2006 पासून जागतिक वारसा यादीत आहे. साधारण 1920 पर्यंत जवळपास पाच लाख माणसं अशी आली. बहुतेक बिहार आणि पूर्वेकडच्या उत्तर प्रदेशातली, काही तमिळ-तेलुगू मुलखातली, आणि थोडी मुंबई बंदरातून गेलेली आपल्याकडची.

म्हणजे त्या बेटावरचं 'स्थानिक' खाणं म्हणायचं तर सगळंच बोटीतून आलेलं. तांदूळ तिथे जवळजवळ पिकतच नाही, गहू नाही, डाळ नाही. आजही सगळं बाहेरून येतं. दालपुरी भोजपुरी, नूडल्स चिनी, पाव फ्रेंच. मोहरी-हळद-व्हिनेगरमधल्या माशांना विंदाय म्हणतात, त्या नावाचं नातं गोव्याच्या विंदालूशी, म्हणजे शेवटी पोर्तुगिजांशी. थंडगार आलूदा म्हणजे आपला फालुदा, सब्जा घातलेला. बाजारात कोथिंबिरीला 'कोतोमिली' म्हणतात, तो शब्द तमिळ. चटणीची 'सातिनी' झाली आहे. आणि टोमॅटोला म्हणतात 'पोम दामूर', प्रेमाचं सफरचंद! आपल्याकडच्या भाजीवाल्यानं असं काही म्हटलं तर दोन रुपये जास्त देईन मी.

मग यातलं कुठलं कुणाचं? माझ्या मते पदार्थ त्याचा, जो तो उभ्या उभ्या, विचार न करता, आठवड्यातून चारदा खातो. दालपुरीच्या रांगेत माझ्यापुढे एक चिनी वळणाचे आजोबा होते, त्यांच्यापुढे कुरळ्या केसांच्या दोन क्रिओल मुली, मागे बुरखा घातलेल्या एक बाई. बिहारच्या दालपुरीनं हे काही पाहिलं नव्हतं. तिला आता 'आपली' म्हणायचा आपला हक्क संपला, आणि बिहारचासुद्धा जरासा कमीच झाला असावा.

दुपारी किनाऱ्यावर गेलो. तिथले किनारे कायद्याने सगळ्यांचे असतात, हॉटेलं कितीही खुर्च्या मांडोत. फ्लिक-आँ-फ्लाकच्या वाळूमागे सुरूचं लांबलचक बन आहे. दापोली-गुहागरची आठवण येईल असं. रविवारी तिथे अख्खं बेट लोटतं. चटया, डेक, चुलते-मामे-आत्या, आणि ब्रियानीचे (आपलीच बिर्याणी, पण आत मोठमोठे बटाटे) हंडे. कुणीतरी रावान नावाची डफासारखी चकती शेकोटीवर तापवून वाजवत होतं. आम्ही सुरूच्या मुळाशी पाठ टेकून अननस खात होतो, मिरची-मीठ-चिंचेत घोळवलेला, आणि दोनेक तास एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

शेजारच्या चटईवरच्या आजींनी आमचं बोलणं मघाशी ऐकलं होतं. थोड्या वेळानं त्या म्हणाल्या, "आमी मराठी." बस, तेवढंच स्वच्छ. पुढचं सगळं क्रिओल, थोडं हिंदी, थोडं हातवारे. त्यांचं आडनाव म्हणजे कुणातरी पूर्वजाचं नुसतं पहिलं नाव होतं. उतरवून घेणाऱ्या कारकुनानं जे लिहिलं तेच पुढच्या पिढ्यांचं आडनाव झालं, असं तिथे बऱ्याच घरांत आहे. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, ते त्यांनी अभिमानानं सांगितलं. मोदकाचं विचारलं नाही मी. त्यांनी आमच्या हातात ब्रियानीची ताटली ठेवली. मी उठून काही मदत करायला गेले तर हातानेच खाली बसवलं. बसा, आज रविवार!

या 'आज रविवार'चं वजन मला परत आल्यावर वाचताना कळलं. करारावरच्या मजुराला एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापत असत. आणि 1867 च्या कायद्यानं तर करार संपलेल्या माणसालाही फोटो लावलेला पास बाळगावा लागे. पास नसताना इकडेतिकडे फिरताना सापडला तर भटक्या म्हणून अटक. म्हणजे त्या आजींचे खापरपणजोबा कामाच्या दिवशी सुरूखाली आडवे झाले असते तर तो गुन्हा ठरला असता. आपण ज्याला बेटावरचा आळस म्हणून पैसे मोजून विकत घेतो, तो त्या लोकांना फुकट मिळालेला नाही. मिळालेला रविवार ते हंडे भरभरून साजरा करतात, आणि आपण मात्र मनगटाला पट्टी बांधून भिंतीच्या आत केशरी पनीर खातो आणि घरी येऊन सांगतो, खाण्याचे हाल झाले.

शाकाहारी मंडळींसाठी खास सांगते, कारण पुढचा प्रश्न तोच असणार. गातो पिमाँ, दालपुरी, फाराता (पराठाच तो), आलूदा, अननस, एवढ्यावर आठ दिवस सहज निघतात. फक्त दालपुरीबरोबर काही गाड्यांवर मांसाहारी रस्साही असतो, तेवढं विचारून घ्या. सुटे पैसे जवळ ठेवा. उशीर करू नका, चांगल्या पेट्या लवकर रिकाम्या होतात. आणि तो "पिमाँ?" म्हणेल तेव्हा आपण कोल्हापूरचे आहोत वगैरे मनात आणू नका. आधी थोडीच घ्या.