पानं गळायच्या आत



या सदरात आम्ही बहुधा रक्तदाब, गुडघे आणि गोळ्यांबद्दल लिहितो. यावेळी प्रवासाबद्दल लिहीत आहोत, पण गोळ्या त्यातही आहेतच. मागच्या शब्बाथला सिनेगॉगच्या पायऱ्यांवर तिघीचौघींनी विचारलं, "तुम्ही दोघी बहिणी या वयात कॅनडाला निघालात म्हणे! जमेल का?" जमेल असं वाटतंय. तयारी कशी चालली आहे ते इथं मांडतो, म्हणजे ज्यांची अशीच एखादी भेट राहून गेली आहे त्यांना उपयोग होईल.

जायचं आहे किंग्स्टनला. टोरांटोहून पूर्वेला सुमारे २६० किलोमीटरवर, जिथं ऑन्टारियो सरोवर संपतं आणि सेंट लॉरेन्स नदी सुरू होते, तिथं हे गाव आहे. वस्ती सव्वा लाखाच्या वर, म्हणजे आपल्या अश्दोदच्या निम्मीच. तिथं आमची मधली बहीण राहते. आम्ही थोरली आणि धाकटी इकडे आलो, ती लग्न होऊन तिकडे गेली. तिघींची भेट होऊन अकरा वर्षं झाली. ती आता विमानात बसू शकत नाही. शिवाय गेल्या वर्षापासून तिला विसर पडायला लागला आहे. फोनवर "पानं लाल झाली की येता ना गं?" असं विचारते, आम्ही हो म्हणतो, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तेच विचारते. भाचीनं कळवलं, "मावशी, यायचं तर यंदाच या." मग "पुढच्या वर्षी बघू" हे वाक्य आम्ही दोघींनी घरातून हद्दपार केलं.

तारीख कशी ठरवली

सण घरी करायचे आणि थंडीच्या आत परतायचं, या दोन्हींच्या मधली फट शोधायची होती. यंदा, २०२६ साली, रोश हशाना म्हणजे आपल्या आजीच्या तोंडचा नव्याचा सण १२ सप्टेंबरला आहे. योम किप्पूर, म्हणजे दारफाळणीचा सण, २१ला, सुक्कोथ २६ला आणि सिम्हाथ तोरा ३ ऑक्टोबरला. त्यानंतरच्या मंगळवारी, ६ तारखेला निघायचं. मंगळवार तसा आपल्यात शुभच. किंग्स्टनकडे पानांना रंग भरतो तो ऑक्टोबरच्या मध्याला. तेव्हा दिवसा पारा बारा-चौदा अंशांवर असतो, रात्री चार-पाचवर. नोव्हेंबर लागला की झाडं उघडी पडतात आणि सरोवरावरचा वारा बोचायला लागतो. पुढं बर्फ पडला की मधलीला घराबाहेर नेता येणार नाही. म्हणून २७ ऑक्टोबरला परतायचं, म्हणजे पुरते तीन आठवडे मिळतात.

मध्ये एक गोष्ट लक्षात ठेवावी लागली. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार हा कॅनडाचा थँक्सगिव्हिंगचा सण. यंदा तो १२ तारखेला येतो. त्या शनिवार-रविवारी तिकडे जो तो आईबापांकडे निघालेला असतो, आगगाड्या भरलेल्या असतात. म्हणून आम्ही गुरुवारी, ८ तारखेलाच किंग्स्टन गाठणार, म्हणजे शब्बाथच्या आधी एक दिवस पाठ टेकायलाही मिळेल.

कागदपत्रं

इस्रायली पासपोर्टवर विमानानं जाणाऱ्याला कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पण ईटीए नावाची परवानगी आधी काढावी लागते. फी सात कॅनेडियन डॉलर. ती पाच वर्षं चालते, पण पासपोर्ट आधी संपला तर तिचीही मुदत तिथंच संपते. धाकटीचा पासपोर्ट मार्चमध्ये संपणार होता, म्हणून आधी तो नवा केला. अर्ज कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावरच करावा. मध्यस्थांची पानं हुबेहूब तशीच दिसतात आणि दसपट पैसे घेतात. आमचा अर्ज नातवानं भरला, आम्ही शेजारी बसून स्पेलिंग तपासली.

त्याहून महत्त्वाचा विमा. आपली कुपत होलीम परदेशातल्या दवाखान्याचं बिल भरत नाही, आणि तिथली सरकारी आरोग्य योजना पाहुण्यांसाठी नाही. विमा घेताना जुने आजार सगळे सांगावेत. हप्ता वाढेल म्हणून मधुमेह लपवला तर ऐन वेळी कंपनी हात वर करते. आमच्या दोघींच्या विम्याला तिकिटाच्या खालोखाल पैसे पडले, पण त्यात काटकसर करायची नाही असं ठरलं होतं.

गोळ्या आणि घड्याळ

किंग्स्टन आपल्या सात तास मागं आहे. इथं सकाळचे आठ, तेव्हा तिथं रात्रीचा एक. मग आठची गोळी कधी घ्यायची? पश्चिमेकडे जाताना दिवस सात तासांनी लांबतो, म्हणून इन्सुलिन घेणाऱ्यांनी आणि रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरला विचारून कागदावर लिहूनच घ्यावं. आम्ही वहीच्या पानावर दोन रकाने आखले आहेत, एकात इथली वेळ, दुसऱ्यात तिथली. जाण्याच्या दिवसासाठी वेगळं पान आणि परतीसाठी वेगळं. आपली घड्याळं २५ ऑक्टोबरला मागं होतात आणि तिथली १ नोव्हेंबरला, त्यामुळे शेवटचे दोन दिवस फरक सहाच तासांचा राहील. तेही वहीत लिहिलं आहे.

औषधं सगळी हातातल्या पिशवीत, मूळ खोक्यांसकट, आणि पाच-सहा दिवसांची जास्त. सामानाच्या बॅगेत इन्सुलिन कधी टाकू नये, विमानाच्या पोटात ते गोठून निकामी होऊ शकतं. डॉक्टरचं इंग्रजीतलं पत्र बरोबर ठेवावं, त्यात औषधांची मूळ नावं असावीत, कारण कंपनीचं नाव देशागणिक बदलतं. फ्लूची लस निघायच्या निदान दोन आठवडे आधी टोचून घ्यावी, अंगात ताकद यायला तेवढे दिवस लागतात. विमानात दर तासा-दीड तासानं उठून चार पावलं चालावं, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी प्यावं. पायात गुठळी होण्याची भीती म्हातारपणी जास्त. लांब पल्ल्याच्या विमानतळांवर चाकाची खुर्ची मागण्यात लाज वाटून घेऊ नये. तिकीट काढतानाच सांगितलं की मिळते.

वाट आणि घर

टोरांटोला एक रात्र विश्रांती. विमानतळावरून शहरातल्या युनियन स्टेशनला पंचवीस मिनिटांची गाडी आहे, आणि तिथून व्हिया रेलची आगगाडी अडीच तासांच्या आतबाहेर किंग्स्टनला सोडते. किंग्स्टनचं स्टेशन गावाबाहेर आहे, म्हणून भाची गाडी घेऊन येईल.

भाचीला आम्ही आधीच दोन कामं सांगितली आहेत. तिकडे न्हाणीघरात टब असतो आणि त्याची कड गुडघ्याएवढी उंच. तिथं रबराची चटई घालायची आणि धरायला दांडा बसवायचा. शिवाय झोपायच्या खोलीपासून संडासापर्यंत रात्रीचा दिवा. हे आमच्यासाठी आहेच, पण मधलीसाठी जास्त. आणि जोडे! लाल पानं फोटोत सुंदर दिसतात, पण पावसानं भिजून फुटपाथवर पडली की केळीच्या सालीसारखी घसरतात. रबरी तळव्याचे, पाय घट्ट धरणारे जोडे घ्यावेत. कपडे एकावर एक घालायचे, एकच जाड कोट नको. घरात हीटर, बाहेर गारठा, त्यामुळे दिवसातून दहा वेळा घालकाढ होते.

बॅगेत दोन किलो पोहे, गरम मसाला आणि चायना ग्रासची पाकिटं जातील. खायचं जे काही असेल ते कस्टमच्या फॉर्मवर लिहायचंच, मटण आणि दुधाचे पदार्थ तर न्यायचेच नाहीत. पोहे मलिद्यासाठी. तिघी एकत्र भेटलो की एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदा करायचा, असं मधलीनं स्वतः सांगितलं आहे. हलवाही तिथंच शिजवायचा, तिला ढवळायला बसवून. हात आपोआप चालतात, त्यांना आठवावं लागत नाही.

तिथं करायचं काय

आमचा पूर्ण कार्यक्रम मधलीच्या घड्याळावर आखला आहे. विसर पडणाऱ्या माणसाची सकाळ चांगली असते. दिवस मावळायला लागला की त्याला अस्वस्थ वाटतं, घर परकं वाटतं. ऑक्टोबरच्या मध्याला तिथं सव्वासहा-साडेसहाला सूर्य मावळतो. म्हणून बाहेर पडायचं ते दहा ते दोनमध्ये, आणि पाचच्या आत दिवे लावून घरात. पहिला आठवडा तर गाव बघायचंच नाही, नुसतं तिच्याजवळ बसायचं. "मी कोण, ओळखलंस का?" असं विचारायचं नाही. आपणच सांगायचं, "मी थोरली गं, आणि ही धाकटी." जुने फोटो नेतोय, मागं प्रत्येकाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून.

दुसऱ्या आठवड्यात थोडं फिरणं. नगरपालिकेच्या मागं चौकात बाजार भरतो, १८०१ सालापासून. तो मंगळवारी, गुरुवारी आणि शनिवारी असतो. शनिवार सोडून आम्ही गुरुवारी जाऊ, सफरचंदं आणि भोपळे बघायला. ती नगरपालिका चुनखडीच्या दगडाची, १८४४ची, गावाच्या मानानं फारच भव्य. कारण १८४१ ते १८४४ हे गाव कॅनडा प्रांताची राजधानी होतं. राजधानी दुसरीकडे गेली आणि इमारत मागं राहिली.

नर्सच्या जातीला बघण्यासारखं म्हणजे किंग्स्टन जनरल हॉस्पिटल. त्याची इमारत १८३५ला उभी राहिली, आणि राजधानीच्या दिवसांत त्याच वॉर्डांत चक्क पार्लमेंट भरलं! त्यानंतर १८४७ साली आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेली माणसं टायफसचा ताप घेऊन बोटींतून इथं उतरली. चौदाशेच्या आसपास माणसं गावात दगावली. ज्यांनी त्यांची शुश्रूषा केली त्यांत जोगिणी होत्या, तेव्हा त्या तापावर औषध नव्हतं. शेजारी अ‍ॅन बेली बिल्डिंग आहे, नर्सिंग शिकणाऱ्या मुलींसाठी १९०४च्या सुमारास बांधलेलं वसतिगृह. नर्सिंगचा व्यवसाय कसा उभा राहिला याची खूण म्हणून कॅनडानं तिला राष्ट्रीय स्मारक केलं आहे. आमच्या मधलीनंही याच गावात अठ्ठावीस वर्षं रात्रपाळ्या केल्या. तिला त्या इमारतीसमोर उभं करून तिघींचा फोटो काढायचा आहे.

आणि फेरीबोट. समोरच्या वोल्फ आयलंडला जाणारी बोट फुकट आहे, वीसेक मिनिटांची. मधली म्हणते, "अगदी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाल्यासारखं वाटतं." सकाळी काय खाल्लं ते तिला सांगता येत नाही, पण रेवसची लाँच, बंदरावरची बैलगाडी आणि नवगावचं घर ती न चुकता सांगते. ऊन असेल त्या दुपारी तिला बोटीत बसवून पलीकडे न्यायचं, आणि ती सांगेल ते ऐकायचं. सहस्र बेटांची मोठी सफर, टेकडीवरचा फोर्ट हेन्री, हे सगळं राहिलं तर राहू दे.

बालमित्रांसाठी

पानं लाल का होतात? पानात हिरवा रंग असतो, तो उन्हातून झाडासाठी अन्न तयार करतो. दिवस लहान झाले की झाड ते काम आवरतं घेतं आणि हिरवा रंग विरतो. पिवळा रंग आधीपासूनच खाली दडलेला असतो, तो मग दिसायला लागतो. लाल मात्र नव्यानं तयार होतो. दिवसा स्वच्छ ऊन आणि रात्री गारठा असला की मेपलची झाडं लालभडक होतात.

कॅनडाच्या झेंड्यावर तेच पान आहे. तो झेंडा १५ फेब्रुवारी १९६५ला पहिल्यांदा अधिकृतपणे फडकला. त्याची कल्पना किंग्स्टनच्याच लष्करी कॉलेजातले एक प्राध्यापक, जॉर्ज स्टॅन्ली, यांनी १९६४ साली सुचवली. त्यांच्या कॉलेजचा झेंडा लाल-पांढरा-लाल होता, त्यावरून त्यांना सुचलं की मध्ये एकच लाल पान ठेवावं.

झाडपाला एका देशातून दुसऱ्या देशात नेण्यावर निर्बंध असतात, म्हणून खरी पानं आणता येणार नाहीत. पण पानावर कागद ठेवून वरून रंगीत खडू घासला की शिरांसकट ठसा उठतो. असे ठसे आम्ही मधलीकडून काढून घेणार आहोत, आणि हनुक्काच्या सुमारास ज्या मुलांनी मराठीत आपलं नाव लिहून पाठवलं असेल त्यांना एकेक देऊ.

पासपोर्ट तयार आहेत, तिकिटं काढली आहेत, गोळ्यांची वही धाकटीच्या उशाशी आहे. तुमच्यापैकी कुणाचा भाऊ, बहीण, शाळेतली मैत्रीण दूर देशी असेल आणि फोनवर तेच तेच विचारायला लागली असेल, तर आज डॉक्टरची वेळ घ्या आणि उद्या तिकिटाची चौकशी करा. परत आल्यावर पुढच्या अंकात लिहूच.

तोवर पाणी प्या, गोळ्या वेळेवर घ्या. शालोम.