परवाना पालिकेचा, तपासणी राज्याची, मरण कामगाराचे

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे मुंबईत साकीनाक्याच्या खैराणी रोडवरील एका फरसाणाच्या दुकानास आग लागली आणि आत झोपलेले बारा कामगार मरण पावले. दिवसा जेथे तळण तळावयाचे, तेथेच रात्री अंग टाकावयाचे, हा अशा गाळ्यांतला नित्याचा रिवाज. अकरा दिवसांनी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना आग लागून चौदा जणांचा बळी गेला. शहरातील प्रतिष्ठितांचा जीव तेव्हा कोठे खालीवर झाला. खैराणी रोडवरचे बारा जण त्या गदारोळात मागे पडले.

त्या बारा जणांच्या निमित्ताने एक प्रश्न विचारावयास हवा होता. तो तेव्हा विचारला गेला नाही आणि आजही विचारला जात नाही. ज्या जागेत ते काम करीत होते ती जागा दुकान होती की कारखाना? प्रश्न वकिली काथ्याकुटाचा वाटेल, पण आपल्याकडे कामगाराच्या जिवाची जबाबदारी कोणाची, हे याच एका शब्दावर ठरते. दुकान म्हटले की १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियमाखाली बघणारा माणूस स्थानिक संस्थेचा असे. कारखाना म्हटले की त्याच वर्षीच्या कारखाने अधिनियमाखाली राज्य शासनाचा निरीक्षक. बांधकाम बेकायदा असेल तर पालिकेचा इमारत विभाग, धोक्याचा धंदा असेल तर १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाखाली पालिकेचाच परवाना विभाग, आणि आगीचा प्रश्न आला की अग्निशमन दल. इतके राखणदार असलेल्या घरात चोरी व्हावयास नको. परंतु प्रत्येक राखणदार आपल्यापुरत्या दारावर उभा आहे आणि ज्या दाराने मृत्यू आत येतो ते दार कोणाच्याच वाटणीस आलेले नाही.

हे राखणदार नेमके काय पाहतात, ते बघा. पालिकेच्या इमारत विभागास बांधकाम दिसते. पोटमाळा मंजूर नकाशात आहे की नाही एवढाच त्याचा प्रश्न, आणि त्याच्या हाती हत्यार एकच, हातोडा. कारखाने निरीक्षकास यंत्र आणि हजेरीपट दिसतो, तोही त्या जागेची कारखाना म्हणून नोंद असेल तर. अग्निशमन दलाच्या बाबतीत तर २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने मोठीच गंमत करून ठेवली आहे. आगीची साधने चालू स्थितीत आहेत, असे प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत जागेच्या मालकाने वा भोगवटादाराने सादर करावयाचे, आणि ते देणार परवानाधारक खाजगी संस्था, जिचे पैसे हाच मालक मोजणार! यांपैकी कोणालाही पोटमाळ्यावर झोपलेला माणूस दिसत नाही. तो नकाशात नाही, हजेरीपटावर बहुधा नाही आणि प्रमाणपत्रात त्याच्यासाठी रकाना नाही.

दिल्लीत हेच घडले. ८ डिसेंबर २०१९ रोजी अनाज मंडीतील एका इमारतीत त्रेचाळीस माणसे मेली; तेथेही कामाची जागा हीच झोपण्याची जागा होती. १३ मे २०२२ रोजी मुंडका येथील इमारतीत सत्तावीस जण मेले. बाहेर पडावयास जिना एकच आणि अग्निशमन दलाचा दाखला नाही. प्रत्येक वेळी मालकास अटक झाली, चौकशी नेमली गेली आणि प्रत्येक खात्याने दुसऱ्या खात्याकडे बोट दाखविले. डोंबिवलीत २६ मे २०१६ च्या स्फोटात बारा माणसे मेली आणि २३ मे २०२४ रोजी त्याच औद्योगिक वसाहतीत पुन्हा स्फोट झाला. तेथे तर औद्योगिक विकास महामंडळ, प्रदूषण नियंत्रण मंडळ, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आणि महानगरपालिका असे चार-चार कारभारी.

यावर काही मित्र म्हणतात, वाटणीच नको. सारे अधिकार एका हाती द्या. हा उपाय दिसतो तितका सोपा नाही. आपला कारखाने कायदा ज्या ब्रिटिश कायद्याच्या वंशातला आहे, त्या देशाने वाटणीचे दोन्ही प्रयोग करून पाहिले आहेत. १८३३ च्या कायद्याने तेथे सरकारी कारखाने निरीक्षक आले, अवघे चार. १८६७ साली लहान कर्मशाळांचा कायदा झाला तेव्हा त्याची अंमलबजावणी स्थानिक संस्थांकडे सोपविली गेली. त्या संस्थांवर निवडून आलेले बरेच लोक हे याच कर्मशाळांच्या मालकांचे आप्त-इष्ट. कायदा कागदावरच राहिला. अखेर १८७१ मध्ये पार्लमेंटला तो अधिकार काढून घेऊन सरकारी निरीक्षकांकडे द्यावा लागला. पण देताना काय केले? ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात मार्क्सने याची नोंद करून ठेवली आहे. एका फटक्यात लाखाहून अधिक कर्मशाळा आणि तीनशे वीटभट्ट्या निरीक्षकांच्या गळ्यात पडल्या आणि त्यांच्या मदतीस वाढीव माणसे दिली ती फक्त आठ. आधी अधिकार अशा हाती द्यावयाचा जो तो वापरणार नाही, आणि ते उघडे पडले की अशा हाती द्यावयाचा ज्याला तो वापरता येणार नाही. मालकवर्गाच्या राज्यकारभारातील ही युक्ती दीडशे वर्षांत फारशी बदललेली नाही.

पुढे विसाव्या शतकात तेथे वाटणी पुन्हा आली, पण वेगळ्या रीतीने. लॉर्ड रॉबेन्स यांच्या समितीच्या १९७२ च्या अहवालानंतर १९७४ चा कामावरील आरोग्य व सुरक्षितता कायदा झाला. (हे रॉबेन्स म्हणजे १९६६ साली वेल्समधील अबरफान गावावर कोळशाच्या खाणीचा ढिगारा कोसळून ११६ मुले आणि २८ मोठी माणसे गाडली गेली तेव्हाचे राष्ट्रीय कोळसा मंडळाचे अध्यक्ष! सुरक्षिततेचा धडा देण्यास याहून वेगळा माणूस सापडला असता.) या कायद्याखाली कारखाने, बांधकामे, शेती, रुग्णालये राष्ट्रीय यंत्रणेकडे आणि दुकाने, कचेऱ्या, गोदामे, उपाहारगृहे प्रामुख्याने स्थानिक परिषदांकडे आहेत. एखाद्या जागेत दोन्ही प्रकारची कामे चालत असतील तर मुख्य काम कोणते, यावरून जबाबदारी ठरते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी, की परिषद स्वतः जेथे मालक आहे तेथे तिचा निरीक्षक चालत नाही. तेथे राष्ट्रीय यंत्रणेचा निरीक्षक जातो.

या व्यवस्थेतले मर्म पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तेथे यंत्रणा दोन असल्या तरी कायदा एकच आहे. परिषदेचा निरीक्षक आणि राष्ट्रीय निरीक्षक यांच्या हातात सारखीच सत्ता आहे. दोघेही मालकास सुधारणेची नोटीस देऊ शकतात, दोघेही जिवास गंभीर धोका दिसताच ते काम तेथल्या तेथे बंद करू शकतात. वाटणी झाली ती जागांची, अधिकारांची नव्हे. आपल्याकडे नेमके उलटे आहे. जागा एकच, आणि तिच्यावरचे अधिकार तुकड्या-तुकड्यांनी निरनिराळ्या कायद्यांत, खात्यांत आणि मंत्र्यांत वाटलेले. ज्याला धोका दिसतो त्याला काम थांबविण्याचा अधिकार नाही, ज्याला अधिकार आहे तो तेथे येत नाही, आणि पहिल्याने दुसऱ्यास कळविलेच पाहिजे असे बंधन त्याला जाणवत नाही.

ब्रिटिश व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. चांगली रचनाही उपाशी ठेवून मारता येते, हे तेथेच दिसले. मार्च २०११ मध्ये तेथील सरकारने राष्ट्रीय यंत्रणेच्या आपणहून करावयाच्या तपासण्या एक-तृतीयांशाने आणि स्थानिक परिषदांच्या तपासण्या वर्षाला ६५ हजारांनी कमी करण्याचे जाहीर केले. २०१३ मध्ये राष्ट्रीय संहिता काढून परिषदांच्या निरीक्षकांनी अचानक तपासणीस कोठे जावे, यावर मर्यादा घातली. कायद्याचे एक अक्षर न बदलता कायदा निजविण्याचा हा मार्ग आहे. उद्योगावरील ओझे हलके करणे, असे त्याचे नाव.

आपल्याकडे तर अक्षरेही बदलली आहेत. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आणली गेली. १९४८ च्या कायद्यात विजेवर चालणाऱ्या कारखान्यास दहा आणि विजेविना चालणाऱ्यास वीस कामगारांची अट होती. संहितेने ती वीस आणि चाळीस केली. तिकडे दुकानांच्या बाबतीत राज्याच्या २०१७ च्या नव्या कायद्याने दहांहून कमी कामगार असलेल्या आस्थापनांना नोंदणीतून मोकळे केले होते, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादाही वीसवर नेण्याचे ठरविले. दोन्ही कुंपणे एकाच वेळी मागे सरकली आणि मधले मोकळे रान वाढले. साकीनाक्याचे गाळे, भिवंडीचे यंत्रमाग, धारावीतील कातड्याचे आणि शिलाईचे कारखाने या रानातच तर आहेत. धोकादायक म्हणून अधिसूचित केलेल्या कामास कामगारसंख्येची अट नाही, असे सरकारतर्फे सांगितले जाईल. ते खरे आहे. पण फरसाण तळणे धोकादायक, असे अधिसूचित करावयास दिल्लीत कोण बसले आहे?

निरीक्षकाचे नावही बदलले. तो आता ‘निरीक्षक-तथा-सुविधाकार’ आहे आणि कोठे तपासणीस जावे हे संगणक ठरविणार. पूर्वसूचना न देता कोणत्याही कामाच्या जागी शिरण्याचा निरीक्षकाचा हक्क आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४७ च्या ८१ क्रमांकाच्या करारात आहे आणि भारताने तो करार १९४९ मध्येच मान्य केलेला आहे. इन्स्पेक्टर राज संपविण्याच्या उत्साहात ही सही कोणाच्या लक्षात राहिलेली दिसत नाही. निरीक्षक लाचखाऊ होते हे आम्ही नाकारीत नाही. त्यांचा सर्वाधिक अनुभव आमच्याच कार्यकर्त्यांना आहे. पण लाच खाणारा पोलीस आहे म्हणून कोणी पोलीस ठाणी बंद केल्याचे ऐकिवात नाही.

नगरपालिकेस तर या रचनेत जागाच नाही. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा आहे, सार्वजनिक आरोग्य आहे, कत्तलखान्यांचे आणि चर्मालयांचे नियमन आहे. त्या चर्मालयात राबणाऱ्या माणसाची सुरक्षितता मात्र नाही. गल्लीबोळ ठाऊक असलेली, दर वस्तीत माणसे असलेली यंत्रणा पालिकेचीच. तिला या कामापासून दूर ठेवणे हा शुद्ध करंटेपणा आहे. आमची मागणी अशी की वीसहून कमी कामगारांच्या जागा कायद्यानेच पालिकेकडे द्याव्या. तिच्या निरीक्षकास राज्याच्या निरीक्षकाइतकाच काम थांबविण्याचा आणि खटला भरण्याचा अधिकार असावा. आणि पालिका जेथे स्वतः वा कंत्राटदारामार्फत मालक आहे, म्हणजे गटारे, कचराभूमी, उदंचन केंद्रे, तेथे राज्याचा निरीक्षक असावा. गटारात उतरलेल्या माणसाच्या मृत्यूची चौकशी त्याला उतरविणाऱ्याने करावी, हा प्रकार बंद झाला पाहिजे.

येथे एक अडचण आहे आणि ती आपण झाकता कामा नये. तपासणी कडक झाली की गाळ्याला सील लागते आणि कामगाराची मजुरी व निवारा एकाच दिवशी जातो. म्हणूनच तक्रार करावयास तो पुढे येत नाही. उलट पालिकेची गाडी दिसली की आधी तोच दडतो. बंदीच्या काळातील मजुरी मालकाने दिली पाहिजे आणि पर्यायी निवाऱ्याची सोय झाल्यावाचून झोपलेल्यांना रस्त्यावर काढता कामा नये, हे कायद्यात नसेल तर सुरक्षिततेचा कायदा कामगारालाच शत्रू वाटेल. आणि त्याचे चुकते, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या घरातली. पाणी, रस्ते, दिवे यांवर आपले नगरसेवक सभागृह दणाणून सोडतात. परवान्यांवर कितीदा बोलतात? बेकायदा गाळ्यावर कारवाई होऊ नये म्हणून प्रभाग कार्यालयात दूरध्वनी करणाऱ्यांत आपलेही काही आहेत, हे आम्हांस ठाऊक आहे. आपल्या संघटना मोठ्या कारखान्यांच्या फाटकांवर वाढल्या. दहा-बारा माणसांच्या गाळ्यात आपला झेंडा पोहोचलेला नाही. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे जे निवेदन दिले, त्यात कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत मजुरी मिळावी ही मागणी होती. त्या सह्या गोळा करावयास त्यांच्यामागे कोणताही कायदा नव्हता.

तेव्हा संहितेविरुद्धच्या मोर्चाबरोबरच एक काम प्रत्येक शाखेने हाती घ्यावे. पालिकेने आपल्या प्रभागात धंद्यासाठी दिलेल्या परवान्यांची यादी आणि संचालनालयाकडे नोंदलेल्या कारखान्यांची यादी, दोन्ही माहितीच्या अधिकाराखाली मागवाव्यात. त्या शेजारी-शेजारी ठेवून पहिल्या यादीत असलेले आणि दुसरीत नसलेले पत्ते काढावेत. मग संध्याकाळी पाळी सुटण्याच्या वेळी त्या पत्त्यांवर जाऊन आत किती माणसे काम करतात, किती झोपतात आणि बाहेर पडावयास दारे किती, एवढेच टिपून आणावे. गाळ्याचे वा कामगारांचे नाव न छापता हे आकडे प्रभागवार प्रसिद्ध करण्यास या साप्ताहिकाची पाने खुली आहेत.