जुन्या मोटारसायकलीतील विजेचे दोष : आधी निदान, मग खर्च

ग्रामपातळीवरील अनेक कार्यकर्त्यांकडे व शेतकरी बंधूंकडे जुनी बुलेट अद्यापि इमानाने राबत आहे. तिचे इंजिन दणकट असले, तरी विजेच्या दोषामुळे ती कधी भररस्त्यात अडून बसते. अशा वेळी कोणी कॉइल बदलतो, कोणी नवी बॅटरी आणतो; खिसा रिकामा होतो, दोष मात्र जागच्या जागी राहतो. आमच्या मते, निदानावाचून सुटे भाग बदलणे हे मातीपरीक्षणावाचून खते टाकण्यासारखेच होय.

निदानाचा आरंभ बॅटरीपासून करावा. गाडी काही वेळ बंद राहिल्यावर १२ व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखविते. ६ व्होल्टची सुमारे ६.३. ती ठीक असल्यास तिच्या टोकांवरील गंज काढावा. अर्थची वायर सांगाड्यास जेथे जोडलेली असते, तेथील रंग व गंजही खरवडून जोड घट्ट आवळावा. एक दिवा लावताच दुसरा मंदावत असेल, तर पुष्कळदा हा जोडच कच्चा असतो.

कॉन्टॅक्ट पॉइंटच्या बुलेटवरील अँपिअर-मीटर हा तर घरचा वैद्य आहे. किल्ली फिरवून, दिवे बंद ठेवून, किक हाताने सावकाश दाबावी. पॉइंट मिटताच काटा वजा बाजूस झुकतो, उघडताच शून्यावर येतो. तो मुळीच न हलल्यास पॉइंट मळलेले असतात किंवा त्यांच्यापर्यंत प्रवाह पोचत नाही. तो वजा बाजूसच खिळून राहिल्यास पॉइंट उघडत नाहीत किंवा एखादी सोललेली वायर सांगाड्यास टेकलेली असते. पॉइंट स्वच्छ करून त्यांतील अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवावे. तपासणी संपताच किल्ली बंद करावी. अन्यथा कॉइल तापते.

एका सवयीचा मात्र आम्ही स्पष्ट निषेध करतो. फ्यूज उडाला की त्या जागी चंदेरी कागद अथवा जाड तार घालतात. स्वतः वितळून वायरिंग वाचविणे हेच फ्यूजचे काम आहे. ते बंद पाडले, तर तापलेली वायर पेट्रोलच्या टाकीखालीच पेट घेऊ शकते. वाचलेल्या चार पैशांसाठी जीव धोक्यात घालू नये.

पॉलिश कागदाचा तुकडा, योग्य क्षमतेचे दोन फ्यूज व दोन वायरी जोडलेला एक लहान बल्ब एवढे साहित्य प्रत्येकाने जवळ बाळगावे. आणि नवा भाग विकत घेण्यापूर्वी जुना जोड तपासावा.