शटर पाडताना टेस्ट डेटाबेसही बंद करा

दुकानासाठी ॲप बनवून घ्यायचं म्हटलं की सगळे विचारतात, "बनवायला किती लागतील?" बनवून झाल्यावर दर महिन्याला कार्डवरून किती कटणार, हे कुणीच विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं.

शिरोली एमआयडीसीत माझं बेअरिंग, बेल्ट, नट-बोल्टचं दुकान आहे. स्टॉकचं ॲप केलं तेव्हा क्लाउडवर दोन डेटाबेस घेतले. एक रोजच्या धंद्याचा, दुसरा टेस्टिंगचा. नवीन बदल आधी टेस्टवर बघायचा, मगच दुकानात वापरायचा. पद्धत बरोबरच आहे. पण टेस्टवर काम व्हायचं महिन्यातून चार-पाच संध्याकाळी, आणि मीटर फिरायचा चोवीस तास. कित्येक महिने मी ते बिल 'कॉम्प्युटरचा खर्च' म्हणून भरत राहिलो. डेव्हलपरला दोष देत नाही. कार्ड माझं होतं, बघायचं काम माझं होतं.

म्हणून माझं मत सरळ आहे. छोट्या धंद्यात टेस्ट डेटाबेस एरवी बंदच असावा. काम निघालं की चालू करायचा, काम झालं की बंद.

आपल्या फौंड्रीवाल्यांना हे लगेच कळतं. महावितरणच्या बिलात डिमांड चार्ज वेगळा आणि वापरलेल्या युनिटचे पैसे वेगळे. भट्टी बंद ठेवली की युनिट थांबतात, डिमांड चार्ज थांबत नाही. क्लाउडचं तसंच आहे. मशीनचं भाडं तासावर, डेटा साठवायचं भाडं वेगळं. डेटाबेस बंद केला की तासाचं भाडं थांबतं, साठवणुकीचं आणि बॅकअपचं चालूच राहतं. पण मोठा आकडा बहुतेक वेळा तासाच्या भाड्याचाच असतो. उद्या ओतकाम नसताना रात्रभर धातू वितळवून ठेवणारा फौंड्रीवाला बघितलाय का कुणी?

आता हिशोब करू. समजा भाडं तासाला 5 रुपये. महिन्याचे साधारण 730 तास, म्हणजे 3,650 रुपये. डेव्हलपर रोज 10 तास, आठवड्यातले 6 दिवस काम करत असेल तर लागतात 260 तास, म्हणजे 1,300 रुपये. आणि माझ्यासारखं महिन्याला 20 तासच काम असेल तर फक्त 100 रुपये.

"दोन-तीन हजारासाठी एवढं डोकं कशाला लावायचं?" असं काहीजण म्हणतील. मग गल्ल्यावर बसून विचार करा. 10 टक्के मार्जिन धरलं, तर वाया गेलेले 3,550 रुपये परत मिळवायला 35,500 रुपयांचा माल विकावा लागतो. तोही दर महिन्याला.

मात्र बंद करताना या गोष्टी लक्षात ठेवा.

1. ॲमेझॉनच्या आरडीएसवर बंद केलेला डेटाबेस 7 दिवसांनी आपोआप चालू होतो. एकदा बंद केला म्हणजे सुटलो, असं समजू नका. रोज रात्री बंद करायचं शेड्यूल डेव्हलपरकडून लावून घ्या.

2. महिना-दोन महिने कामच नसेल तर स्नॅपशॉट काढा आणि डेटाबेस डिलीट करा. त्याआधी स्नॅपशॉटवरून डेटा परत उभा राहतो का, ते एकदा करून बघा.

3. ऑरोरा सर्व्हरलेसमध्ये नोव्हेंबर 2024 पासून काम नसताना डेटाबेस शून्यावर झोपवायची सोय आहे. जागा व्हायला साधारण 15 सेकंद लागतात. टेस्टिंगला तेवढं चालतं. पण ॲपने कनेक्शन उघडं ठेवलं तर तो झोपतच नाही, आणि मीटर फिरत राहतो.

4. वर्षाचा किंवा तीन वर्षांचा करार करून डिस्काउंट मिळतं. धंद्याच्या डेटाबेसला घ्या, टेस्टला नको. बंद ठेवायच्या वस्तूचं वर्षभराचं भाडं आधीच कशाला बांधून घ्यायचं?

5. दोन्ही डेटाबेसची नावं स्पष्ट वेगळी ठेवा. ऐन गिऱ्हाइकाच्या वेळी चुकून चालू दुकानाचाच बंद झाला, तर वाचवलेले पैसे एका दिवसात जातील.

6. बजेट अलर्ट लावा. पण अलर्टचा ईमेल आला म्हणून बिल थांबत नाही. बंद करायची सोय वेगळी करावीच लागते.

आणि अगदीच सुरुवात असेल, एकच डेव्हलपर असेल, तर टेस्टिंगला क्लाउड घेऊच नका. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल त्याच्या कॉम्प्युटरवर फुकटात चालतं.

रात्री दुकान बंद करताना आपण पंखा, दिवा, काटा सगळं बंद झालंय का बघतो. टेस्ट डेटाबेस डोळ्याला दिसत नाही, म्हणून राहून जातो. आज शटर पाडायच्या आधी डेव्हलपरला फोन लावा आणि एवढंच विचारा, "आपला टेस्ट डेटाबेस आत्ता चालू आहे का? आणि असला तर कशासाठी?" उत्तर काय मिळालं ते कमेंटमध्ये नक्की सांगा.