आधी दाह शमू द्या, मग मोतीबिंदू काढा

पुण्यातील व्यापारी कुटुंबांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आता मोठी घटना राहिलेली नाही. सकाळी रुग्णालय, संध्याकाळी घर आणि काही दिवसांत आजोबा पुन्हा गादीवर. महंमदवाडीच्या एच. व्ही. देसाई नेत्ररुग्णालयासारख्या संस्थांनी ही सोय सामान्य घरांपर्यंत पोहोचवली. म्हणूनच डॉक्टर एखाद्याला ‘तीन महिने थांबा’ म्हणतात, तेव्हा घरच्यांना ती टाळाटाळ वाटते. ‘दिवाळीचा हंगाम सुरू होण्याआधी उरकून घेऊ’ असा आग्रह होतो. अशा वेळी थांबण्याचे कारण समजून घेणे हिताचे ठरते.

ते कारण बहुधा युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्यातील रक्तवाहिन्यांनी भरलेल्या मधल्या थराचा दाह, हे असते. डोळा लाल होतो, ठणकतो, उजेड सोसत नाही. कधी केवळ धूसर दिसते. यामागे संधिवाताचे काही प्रकार, क्षय किंवा नागिणीचा विषाणू असू शकतो. अनेकदा कारण सापडतही नाही. या दाहामुळे मोतीबिंदू लवकर होतो आणि दाह शमवणाऱ्या स्टिरॉइडमुळेही होतो. त्यामुळे चाळिशीतही शस्त्रक्रियेची वेळ येते.

लंडनचे डॉ. हॅरोल्ड रिडली यांना दुसऱ्या महायुद्धात एक गोष्ट आढळली. वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या ॲक्रिलिक काचेचे तुकडे डोळा निमूट सहन करीत होता. त्यावरून त्यांनी १९४९ मध्ये पहिले कृत्रिम भिंग बसवले. मात्र आधीच दाह असलेला डोळा इतका सहनशील नसतो. बाहुली भिंगाला चिकटलेली असते, दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज येते, डोळ्यातील दाब वाढतो. शस्त्रक्रिया नीट होऊनही दृष्टी परतत नाही. म्हणून सर्वसाधारणपणे किमान तीन महिने डोळा पूर्ण शांत राहिल्यावरच, शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर औषधांचे संरक्षण देऊन, मोतीबिंदू काढतात. पिकलेल्या भिंगातूनच द्रव्य झिरपून दाह होत असेल, तर मात्र शस्त्रक्रिया लवकर करावी लागते.

तपस्या करणाऱ्यांनी एक दक्षता अवश्य घ्यावी. दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या उपवासासाठी एकाएकी बंद केल्यास दाह उसळतोच, शिवाय रक्तदाब खालावून जिवावरही बेतू शकते. अठाईचा संकल्प करण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. चौविहार पाळणाऱ्यांनी औषधाच्या वेळा सूर्यास्तापूर्वी बसतील का, हेही ठरवून घ्यावे. मधुमेह असल्यास साखर वारंवार तपासावी, कारण या गोळ्यांनी ती वाढते.

दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात काही गैर नाही. पण जाताना दाह केव्हा केव्हा उसळला, कोणते औषध किती दिवस चालले, याचे सर्व कागद सोबत न्यावेत. दुकानाच्या वह्या जपणाऱ्या घराला डोळ्याची एक फाइल जपणे जड नाही. शस्त्रक्रियेची तारीख त्या फाइलवरून ठरते. हंगामावरून ठरवू नये.