सातबाऱ्याची जागा

पेरणीच्या तोंडावर इंझोरीसारख्या गावातला शेतकरी पीककर्जासाठी सातबारा काढायला सेवा केंद्रात ताटकळतो, तेव्हा उशिराचं खापर नेटवर्कवर फुटतं. पुष्कळदा ते खरंही असतं. पण नोंदी डिस्कवर कोणत्या क्रमाने ठेवल्यात, हे कुणी विचारत नाही. माझ्या मते नवा सर्व्हर घेण्याआधी विचारायचा प्रश्न हाच आहे.

फिरत्या हार्ड डिस्कचा हिशोब बघा. मिनिटाला ७,२०० फेरे, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा वाचणाऱ्या हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो. त्याआधी हेड त्या ट्रॅकवर सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद जातात. एका वाचनाला झाले बारा-तेरा. डेटाबेस एकेक नोंद उचलत नाही, अख्खं पान उचलतो. पोस्टग्रेसमध्ये ते ८ केबीचं असतं. एका गावाच्या हजार नोंदी हजार पानांवर विखुरलेल्या असतील, तर सगळ्या वाचायला तेरा सेकंद. तीच पानं सलग असतील तर जेमतेम ८ एमबी, आणि सेकंदाला १५० एमबी वाचणाऱ्या डिस्कला त्याला सेकंदाचा दहावा हिस्साही लागत नाही. यंत्र तेच, नोंदी त्याच.

नोंद जशी येईल तशी शेवटी टाकत गेलं की ती विखुरते. आज मानोऱ्याचा फेरफार, उद्या कारंज्याचा, परवा पुन्हा इंझोरीचा. गाव आणि गट क्रमांक या क्रमाने रचणारा क्लस्टर्ड इंडेक्स ठेवला, तर एका गावाचं एका जागी राहतं. त्याचीही किंमत आहे: मध्येच नोंद घुसवताना भरलेलं पान फुटतं, म्हणून पानात आधीच थोडी जागा मोकळी सोडावी लागते. कचेरीतले जुने कारकून दप्तर गावनिहाय बांधत, ते याच कारणाने.

लिहिण्याची बाजू वेगळी. प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये सलग लिहिला जातो. तो डिस्कवर उतरल्याशिवाय ‘नोंद झाली’ असा निरोप येत नाही. लॉग आणि डेटा एकाच डिस्कवर कोंबले की हेड दोन्हीकडे धावत राहतं. त्यात अनेक डिस्क रेड-५ पद्धतीने जोडलेल्या असतील तर एका छोट्या बदलासाठी दोन वाचनं आणि दोन लेखनं होतात. मिररिंगमध्ये, म्हणजे तीच नोंद दोन डिस्कवर ठेवताना, दोनच लेखनं. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः नोंद करतो. पीक पाहणीच्या दिवसांत असा लिहिण्याचा भार एकदम येतो, म्हणून लॉगला स्वतंत्र डिस्क हवीच.

एसएसडीत फिरणारं काही नाही, त्यामुळे दुखणं बरंच हलकं होतं. पण जात नाही. पानातली एकच नोंद कामाची असेल, तर उरलेलं पान मेमरीत फुकट जागा अडवतं.

तेव्हा निविदेत नुसते टीबी आणि कोअर मोजू नयेत. क्लस्टर्ड इंडेक्स कशावर, लॉग कुठे, रेड कोणतं, हे लेखी मागावं. आणि चाचणी रिकाम्या डेटाबेसवर न घेता राज्यभराच्या नोंदी भरून, जूनच्या गर्दीइतक्या भाराखाली घ्यावी.